घोडीची डावी बाजू

घोडीजवळ उजवीकडूनच जायचं, जाताना आधी आवाज द्यायचा आणि बाहेर काढल्यावर तिच्या डोळ्यांची झापडं उतरवायची नाहीत. हे नियम मला हॉस्पिटलच्या कॉटवरून सांगण्यात आले. सांगणाऱ्याची नडगी मोडली होती, हाडात रॉड घातला होता आणि भूल पुरती उतरलेली नव्हती. तरीही त्यानं ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले.

"उजवीकडनं," तो म्हणाला.

"उजवीकडनं," मी म्हणालो.

"इसरशील."

"इसरणार नाही. झोप आता."

तो माझा शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत अजूनही लेथवर काम करतो. त्याचे वडील कोल्हापूर स्टेशनवर टांगा चालवायचे. टांगे बंद झाले, वडील गेले, घोडंही गेलं; राहिला तो अंगणातला पत्र्याचा तबेला आणि त्याच्या आढ्याखाली उभा करून ठेवलेला टांगा. पुढची कित्येक वर्षं त्या टांग्यावर कोंबड्या बसत होत्या. मग एके दिवशी तो बाजारातून एक तरुण घोडी घेऊन आला. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, अंगानं अजून पुरती न भरलेली. तिला शिकवून टांग्याला जुंपायची आणि रविवारी बायकोला शेजारी बसवून रंकाळ्याला चक्कर मारायची, एवढाच त्याचा बेत होता. शिकवणं सुरू झालं न झालं तोच पाय मोडला.

माझं सगळं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. घोड्यांविषयी मला काही माहिती नव्हती. निवृत्तीमुळे सकाळी सवड होती, ही माझी एकमेव पात्रता.

अपघाताच्या दिवशी त्याला रिक्षात घालणाराही मीच होतो. त्याची बायको, म्हणजे आमच्या भाभी, माहेरी मलकापूरला गेल्या होत्या. सकाळी हाक ऐकू आली म्हणून गेलो, तर तो तबेल्याच्या दारात भिंतीला टेकून बसला होता. पाय नको त्या ठिकाणी वळला होता. "वळणावर गाडी घसरली," असं त्यानं सांगितलं. मी ते ऐकलं, रिक्षा बोलावली आणि पुढे सगळ्यांना तसंच सांगितलं. त्याची मोटारसायकल अंगणात स्टँडवर उभी होती. तशा पायानं तो वळणावरून घरात कसा आला आणि गाडी स्टँडवर कुणी लावली, हे दोन प्रश्न कुठल्याही शिकाऊ बातमीदाराला पडले असते. मला पडले नाहीत.

भाभी माहेराहून परतल्या, अंगणात पिशवी ठेवली आणि हॉस्पिटलात आल्या. रडल्या नाहीत. नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ती घोडी विकायची."

"घोडीचा काय संबंध?" कॉटवरून आवाज आला.

"मी तुमच्याशी बोलत न्हाय."

बरीच ओढाताण झाल्यावर अट ठरली. तो आधाराशिवाय चालायला लागेपर्यंत घोडी राहील. तोवर ती शहाण्यासारखी टांगा ओढायला लागली तर कायमची राहील. नाही लागली तर मलकापूरचे एक पाहुणे, भाभींच्या माहेरच्या ओळखीचे, तिला घेऊन जातील. पाहुणे घोड्यांचे शौकीन होते आणि घोडागाडीच्या शर्यतींसाठी जनावरं घ्यायचे. मित्राला त्याचीच धास्ती होती. "तिथं पळवून पळवून मारतील तिला," मी एकटा सापडलो की तो म्हणायचा. "एवढी टांग्याला लाव, गड्या. मग मी बघतो."

काम सुरू झालं. घरी आल्यावर त्याची कॉट पुढच्या खोलीत टाकली होती. पण खिडकी गल्लीकडे होती, अंगणाकडे नाही. त्यामुळे त्याला काही दिसत नसे. मी फोन स्पीकरवर टाकून शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि तो आतून सूचना द्यायचा. आधी नुसतं चालवणं. मग लांब दोरावर मागून हाकणं. मग दोराच्या टोकाला मोटारीचं जुनं टायर बांधून ते ओढायला लावणं. जिभेनं टकटक केलं की चालायचं, "हो" म्हटलं की थांबायचं. घोडीला हे माझ्याआधी कळलं.

तबेल्यात ती डाव्या बाजूनं भिंतीला लागून बांधलेली असे, त्यामुळे खरारा करायला उजवी बाजूच मोकळी मिळायची. डाव्या बाजूचा खरारा? "ऱ्हाऊ दे. मी उठल्यावर करीन," असं उत्तर आलं. तिची ती बाजू धुळीनं मळकट राहिली. लांबून पाहिलं तर घोडी दोन रंगांची वाटायची.

उजवीकडूनच का, हा प्रश्न मी फोनवर शोधून पाहिला होता. जगभर घोड्याजवळ डावीकडून जातात, अशी माहिती मिळाली. इथे मात्र उलटं. कारण मला लगेच सुचलं आणि पटलंही. त्याची आई आम्हा पोरांना उजवा पाय आधी टाकून घरात यायला लावायची. पाण्याचा पेला डाव्या हातानं धरला की तीच हातावर चापट मारायची. सुरुवात उजवीकडून, हा त्या घराचा शिरस्ता. तेव्हा हाही त्यातलाच. आमच्या गल्लीत मोहरमच्या पंज्यांना आम्ही हिंदू खांदा लावतो आणि गणपतीला ही मुसलमान घरं लावतात. पण हे असं का, ते तसं का, असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी एकानं मला अडवून विचारलं, "काय ओ, सगळी डावीकडनं जात्यात, तुमी वळसा घालून उजवीकडं का जाताय?"

"त्यांच्यात तसंच असतं," मी म्हणालो.

"आस्सं," तो म्हणाला आणि त्यानं ते बाकीच्यांना सांगितलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

एकदा नियम मोडला. खरारा करताना ब्रश हातातून सुटून तिच्या मागे, भिंतीकडच्या कोपऱ्यात गेला. मी शेपटीमागून वळसा घालून डावीकडे गेलो आणि वाकलो. पत्र्यावर काही आदळल्यासारखा आवाज झाला. वर पाहिलं तर मागच्या पत्र्याला पोचा पडला होता आणि घोडी थरथरत होती. माशी चावली असावी, असं मी मनात नोंदवलं. फोन त्या वेळी बंद होता. त्याला हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

सांगण्यासारखं जे वाटलं ते वेगळंच होतं. आम्ही माळाच्या रस्त्यानं टायर ओढत निघालो असताना उसाची रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर डाव्या अंगानं, अगदी घासून पुढे गेला. ट्रॉलीवर फाटकी ताडपत्री फडफडत होती. घोडीनं एक कान वळवला. बाकी काही नाही. तिनं पाऊलही चुकवलं नाही. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. घरी आल्यावर मी कॉटशेजारी बसून सगळं क्रमानं सांगितलं: ट्रॅक्टर, ताडपत्री, अंतर, कान.

त्यानं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "डावीकडनं गेला का?"

"डावीकडनं. बघ की, किती धीट झालीय."

"व्हय," तो म्हणाला. "धीट हाय ती."

टायर झालं, मग रिकामा टांगा. कोंबड्या हाकलल्या, चाकांना ग्रीस लावलं, दांड्यांना कापड गुंडाळलं. पहिल्या दिवशी ती दांड्यांमध्ये उभी राहून घामेजली. नंतर ओढायला लागली. मित्र वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागला होता आणि त्या ॲल्युमिनियमच्या टकटकीवरून तिकडची प्रगती मला कळत होती, तशी चाकांच्या आवाजावरून इकडची त्याला. त्याच्या पायाची आणि घोडीच्या शिकण्याची शर्यत होती आणि ती घोडी जिंकत होती, असं माझं मत होतं.

अशात एका दुपारी भाभींनी मला बोलावून घेतलं. अंगणात मलकापूरचे पाहुणे उभे होते. पांढरी गांधी टोपी, पायात करकरणारं कोल्हापुरी, हातात गाडीची किल्ली.

"अजून तो चालत नाही, भाभी," मी म्हणालो. "अट..."

"नुसतं बघायला आल्यात. बघायला काय जातंय?"

आतून फोन आला. मी उचलला. आवाज अगदी हळू होता. "पाव्हण्याला उजवीकडनं दाव. झापडं काढू नको. काय सांगितलं मी?"

"उजवीकडनं."

मी घोडी बाहेर आणली आणि नियमाप्रमाणे भिंतीकडे डावी बाजू करून उभी केली. पाहुण्यांनी खुरं पाहिली, दात पाहिले, मानेवरून हात फिरवला. मग ते पलीकडे जायला निघाले.

"तिकडनं नको," मी म्हणालो.

"का?"

"ह्यांच्यात उजवीकडनंच जातात." मी आवाज खाली आणून सांगितलं, कारण भाभी शेजारी होत्या. "झापडंही काढत नाहीत. त्यांच्यात तसं असतं."

"कुणाच्यात?" भाभी म्हणाल्या.

"तुमच्यात."

"आमच्यात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे बोलता येईना. "आमच्यात असं काय न्हाय, भाऊजी. घोड्याला कुठं आलाय धर्म? कुणी सांगितलं तुमाला हे?"

कुणीच सांगितलं नव्हतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मला उजवीकडून जायला सांगण्यात आलं होतं. कारण माझं मीच घातलं होतं.

तोवर पाहुण्यांनी घोडीला दोन पावलं पुढे घेऊन भिंतीपासून सोडवलं होतं. त्यांनी झापडं उतरवली. तोंडानं बारीक आवाज करत, एक हात तिच्या मानेवर ठेवून, ते दुसऱ्या हाताचं बोट तिच्या उजव्या डोळ्याकडे नेऊ लागले. पापणी मिटली. मग डाव्या. बोट पापणीच्या केसांना टेकेल इतकं जवळ गेलं. डोळा उघडाच राहिला. बाहुलीवर दुधाळ निळसर साय होती. उन्हात ती लांबूनही दिसत होती. मला ती इतके दिवस दिसली नव्हती, कारण मी तिथं कधी उभाच राहिलो नव्हतो.

"पावणं," ते मला म्हणाले, "ह्या डोळ्यानं हिला काय दिसत न्हाय."

आत वॉकरची टकटक थांबली होती.

पाहुण्यांना त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. "हुतं असं," म्हणून त्यांनी झापडं मला परत दिली. ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आला. ताडपत्री आली. घोडीचा एक कान वळलेला आणि मी मागे दोर धरून खूश. धीट नव्हती ती. तिच्या दृष्टीनं तो ट्रॅक्टर नव्हताच, नुसता आवाज होता. मग पत्र्याचा पोचा आठवला. मी तबेल्यात गेलो आणि त्याच्याजवळ उभा राहिलो. पोचा माझ्या कमरेच्या जरा वर होता. वाकलो असताना त्याच्या शेजारी काय होतं, याचा हिशेब करायला वेळ लागला नाही. डोकं होतं.

मी बाहेर आलो तेव्हा अंगणात मोटारसायकल उभी होती. घोडीची दोरी मी रोज सकाळी त्या गाडीच्याच आरशाला अडकवत आलो होतो. आता तिच्याभोवती फिरून पाहिलं. हँडल सरळ. आरसे शाबूत. फूटरेस्टवर, टाकीवर, कुठंही ओरखडा नव्हता.

भाभी माझ्याकडे पाहत होत्या. "आता दिसलं व्हय?" त्या म्हणाल्या. "मी आल्या आल्याच बघिटलं. गाडीवरनं पडला म्हणं. पाय मोडला आन् गाडीला खरचटलंसुदिक न्हाय. मला काय येडी समजतोय ह्यो माणूस?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? घोडीनं मारलं असणार, ते लपवाय लागलाय. मारकं जनावर दारात ठेवायचं आन् नवऱ्यानं तिची बाजू घ्यायची. म्हणून तर म्हणते विका."

आम्ही दोघं आत गेलो. तो कॉटच्या कडेला बसला होता, वॉकर समोर. वयानं मोठा झालेला माणूस शाळेतल्यासारखा मान खाली घालून बसलेला मी त्या दिवशी पाहिला.

"लाथ बसली ना?" मी विचारलं.

"व्हय."

"डावीकडनं?"

"व्हय. शिफ्ट करून आलतो. डोळ्यावर झोप हुती. आवाज द्यायचा इसरलो. तिची काय चूक?"

"आणि मला सांगितलं नाहीस. मी रोज जात होतो तिच्याजवळ."

"उजवीकडनं जात हुतास की."

"एकदा डावीकडनं गेलो होतो. पत्र्याला पोचा आहे. बघून ये."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. हॉस्पिटलमध्येही तो असा दिसला नव्हता. मग वॉकरच्या दांड्याला म्हणावं तसा म्हणाला, "सांगितलं असतं तर तू आला असतास?"

"नाही."

"मग?"

राग यायला हवा होता, तो जागेवर येत नव्हता. जे घडलं नाही तेच पुन्हा पुन्हा घडताना दिसत होतं.

"पण मला तरी सांगायचं," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "आंधळी हाय म्हणून."

तो एकदम बोलायला लागला. बाजारात विकणाऱ्यानं घोडी भिंतीला लावून उभी केली होती. डावी बाजू भिंतीकडे, डोळ्यांना झापडं. चाल बघायची म्हटल्यावर तो स्वतः तिच्या डाव्या अंगाला राहून चालला. घरी आणून झापडं उतरवली तेव्हा कळलं. "माझा बाप निसता टापांचा आवाज ऐकून सांगायचा कुठल्या पायाचा नाल ढिला झालाय ते," तो म्हणाला. "त्याचा पोरगा मी. आन् बाजारातनं आंधळी घोडी घेऊन आलो. कुणाला सांगू? कट्ट्यावर सांगू? हसून मेली असती सगळी."

विकणाऱ्यानं त्याच्यावर जी युक्ती वापरली, तीच त्यानं माझ्यावर वापरली होती, भिंतीसकट. हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. मी ते बोललो नाही.

भाभी उठल्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि दारात जाऊन त्यांनी पाहुण्यांना हाक मारली. "दादा, च्या ठेवलाय. पिऊन जावा."

"घोडीचं काय मग?" बाहेरून विचारणा झाली. "एका डोळ्याची असली तरी पळंल ती. माझी तयारी हाय."

"न्हाय द्यायची."

"मघाशी तर म्हणालीस मारकी हाय म्हणून."

"मारकी न्हाय वो ती. तिला दिसत न्हाय. भ्याली ती." मग मागे वळून, नवऱ्याकडे न बघता, "मारकी असती तर एक मिनिट ठेवली नसती. हे पयल्या दिवशी सांगितलं असतं तर पाव्हण्याला कशाला बोलावलं असतं मी? तुमच्या इज्जतीपायी चालली हुती ती शर्यतीला."

पाहुण्यांनी चहा घेतला, टोपी सारखी केली आणि जाताना मला म्हणाले, "टांग्याला काय अडचण न्हाय. डाव्या बाजूला तेवढं बोलत ऱ्हावा. आवाज ओळखीचा झाला की उभी ऱ्हाती."

दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं की नाही हे माझं ठरलेलं नव्हतं. पाय नेहमीच्या वेळी तिकडे गेले. अंगणात एक खुर्ची ठेवलेली होती आणि तिच्यावर तो बसला होता, पाय पुढे लांब करून. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो बाहेर आला होता. घोडीला भिंतीपासून सोडून मधल्या खांबाला बांधलं होतं, मोकळी, दोन्ही बाजूंनी. झापडं खुंटीला होती.

मी सवयीनं उजवीकडे निघालो.

"तिकडनं न्हवं," तो म्हणाला. "इकडनं. लांबूनच बोलत जा."

मी डावीकडे वळलो आणि थांबलो. दुधाळ डोळा माझ्याकडे होता आणि त्यात मी नव्हतो. रोज उजवीकडे "हो, हो" म्हणणारा माणूस मीच होतो, पण इथं ते दोन शब्दही सुचले नाहीत.

"बोल की," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काय बी. आयुष्यभर बातम्या केल्यास की. बातम्या सांग तिला."

आतून भाभी हसल्याचा आवाज आला.

मी घसा साफ केला. डेस्कवर वाक्य जुळवताना जसं जुळवायचो तसं जुळवलं. "कोल्हापूर," मी म्हणालो. "येथील एका अंगणात काल दुपारी एक तरुण घोडी डाव्या डोळ्यानं पूर्ण अंध असल्याचं उघडकीस आलं."

घोडीचा डावा कान माझ्याकडे वळला आणि तिथंच राहिला.

"ही बाब तिच्या मालकानं सर्वांपासून लपवून ठेवली होती," मी म्हणालो आणि एक पाऊल पुढे टाकलं. "मालक सध्या घरी उपचार घेत आहे."

"आता पुरं की," खुर्चीवरून आवाज आला.

मी थांबलो नाही. बोलत बोलत तिच्यापर्यंत पोचलो आणि हात मानेवर ठेवला. तिथली कातडी एकदा थरकली, मग स्थिर झाली. केसांमधली धूळ माझ्या तळव्याला लागली. मी खरारा मागितला. तो द्यायला मित्र खुर्चीतून वॉकरवर भार देऊन उठला.